वेवजीचा पावना

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. सरकारी कचेरीत अर्ज तपासण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. अर्जाला जोडलेला कागद खरा की खोटा ते बघायचं, आणि खरा वाटला तर तो इतका खरा का वाटतोय म्हणून पुन्हा एकदा बघायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. तो गेला, खोड राहिली. पालकाची जुडीसुद्धा मी दोरा सोडून आतून बघितल्याशिवाय घेत नाही.

अशा बाईच्या घरी नुसत्या शब्दावर कुत्रा यावा हे नवलच. शब्द मुलाचा होता. तो पुण्याला नोकरीला होता तेव्हा त्याने मोबाइलवर कारवानी कुत्र्यांचा व्हिडिओ पाहिला आणि सोलापूरकडून एक पिल्लू उचलून आणलं. कारवानी म्हणजे आपल्याच माळरानावरची, सशामागे धावणारी जात. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, निमुळतं तोंड आणि डोळ्यांत सदा मागून कुणीतरी येतंय अशी धास्ती. वर्षभरात मुलाला कंपनीने परदेशी पाठवलं. "आई, फक्त दोन महिने," असं म्हणून तो कुत्र्याला डहाणूला माझ्याकडे ठेवून गेला. दोनाचे आठ झाले. आठ होणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असा माझा संशय आहे.

माझा फ्लॅट स्टेशनच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. पलंगापासून गॅलरीपर्यंत तो दोन ढांगांत पोचायचा आणि तिथे उभा राहून, आता पुढे काय, असं माझ्याकडे बघायचा. पुढे काहीच नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. मालगाडीचा भोंगा वाजला की मोरीत. वरच्यांनी खुर्ची ओढली तरी थरथर कापायचा. मी भाजी आणायला खाली उतरले की दाराशी बसून असा गळा काढायचा की सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा लेखी सूचना दिली. दाराची चौकट त्याने गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत कुरतडली होती. पुढच्या उजव्या पायाचा पंजा चाटून चाटून सोलून काढला होता. मी त्यावर मलम लावायची, तो मलम चाटून टाकायचा, असा आमचा दिवस जायचा.

एकदा समुद्रावर त्याचा पट्टा माझ्या हातातून निसटला. सुरूच्या झाडांच्या कडेने तो जो सुटला तो पार लांब ठिपका होऊन गेला आणि तसाच परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. एरवी कुबड काढून चालणारा कुत्रा धावताना सरळ झाला होता. मी त्याला हाका मारत होते आणि मला रडू येत होतं, कारण हे जनावर मी पलंग आणि गॅलरीच्या मध्ये कोंबून ठेवलंय, हे तेव्हा माझ्या नीट डोक्यात शिरलं. त्या बायकांनी सुकटाचं आमिष दाखवून त्याला पकडून दिला.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा पंजा पाहिला, मग दुखऱ्या गुडघ्याची माझी लंगडती चाल पाहिली.

"औषध लिहून देतो," ते म्हणाले, "पण ह्याला औषध नको आहे, जमीन पाहिजे. इथे राहिला तर हा हळूहळू स्वतःलाच खाईल."

म्हणून मुलाला फोनवर सांगून मी त्याच्यासाठी घर शोधायला लागले. अट एकच: त्याला धावायला मिळालं पाहिजे, बांधून घालता कामा नये. बाकी काही झालं तरी चालेल, असं मी म्हणायची. अर्थात काही झालेलं मला चालणार नव्हतं.

पहिलं घर झाईकडच्या एका चिकूवाडीवाल्याचं. वाडी मोठी, कुंपण पक्कं. पण गेटजवळ जमिनीत एक लोखंडी कडी गाडलेली दिसली आणि तिच्याभोवती गोल, गुळगुळीत झालेली माती. "इथलं आधीचं कुत्रं कुठे गेलं?" मी विचारलं. "गेलं," तो म्हणाला. मीही निघाले. दुसरा अच्छाडच्या नाक्याजवळचा ढाबेवाला. त्याने माझ्याशी बोलायच्या आधी कुत्र्याचा ओठ वर करून दात बघितले, आणि ह्याच्या जोडीला मादी मिळेल का असं विचारलं. मागे हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. ह्याच्याकडे कुत्रा ठेवला तर चार दिवसांत तो एखाद्या ट्रकाखाली तरी जाईल नाहीतर ट्रकात बसून गुजरातेत तरी, असं मनाशी म्हणत मी परतले.

तिसरं घर माझ्या भाजीवालीने सुचवलं. ती तलासरीकडून भाजी घेऊन येते आणि स्टेशनबाहेर बसते. तिचा भाऊ वेवजीला शेती करतो, त्याला कुत्रा हवा आहे, असं ती म्हणाली.

"कशाला हवाय?"

"डुकरं येतात, बाय. भात लोळवतात, भुईमूग उकरतात."

"मग ह्याला डुकराच्या अंगावर घालणार? सुळा लागला म्हणजे?"

"नाय वो. भुंकला ना, पुरे."

"आणि दिवसा बांधून ठेवणार."

"बांधला तर डुकरं कोन हाकलल?"

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर की हिला ते कुणी पढवलं असेल, असं माझ्या मनात आलं. तरी दिवाळी झाल्यावर, भात कापून झाला तेव्हा, एका ओळखीच्या टेम्पोत कुत्र्याला घालून मी वेवजीला गेले.

घर पाड्याच्या टोकाला होतं. अर्धं विटांचं, अर्धं कुडाचं. पुढे सारवलेलं अंगण, बाजूला पेंढ्याची उडवी, आणि मागे कापलेली शेतं थेट ओहोळापर्यंत पसरलेली. घरात भाजीवालीचा भाऊ, त्याची बायको आणि म्हातारी आई. मी चहा नाकारला आणि तपासणीला लागले. कुत्रा झोपणार कुठे? पडवीत. खाणार काय? "आमी खातो ते. नागलीची भाकर, सुकटाचं कालवण." पाणी? मडकं दाखवलं. पडवीच्या खांबाला एक नवी दोरी लटकत होती.

"ही कुणासाठी?"

"रेडकाची," तो म्हणाला.

मी घराच्या मागे जाऊन रेडकू आहे का ते बघून आले. होतं.

मग मी पर्समधून हमीपत्र काढलं. घरून टाईप करून आणलं होतं, दोन प्रतींत, पाच कलमांचं. कचेरीतल्या भाषेची सवय सुटत नाही. कलम तीन: सदर कुत्र्यास बांधून ठेवणार नाही. कलम चार: मूळ मालकाच्या लेखी परवानगीशिवाय अन्य कोणास देणार नाही. कलम पाच: सदर कुत्रा हरवल्यास, पळाल्यास वा दगावल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी घेणाऱ्याची राहील. मी मोठ्याने वाचून दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. पाचवं कलम त्याने मला पुन्हा वाचायला लावलं. मग दोन्ही प्रतींवर हळूहळू, अक्षर जुळवत सही केली. तेवढ्यात त्याची बायको सासूशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला ते समजलं नाही, म्हणजे माझ्याबद्दलच असणार.

सही झाल्यावर तो उठला, अंगणातली एक तांबूस कोंबडी धरली, केळीच्या सोपटाने तिचे पाय बांधले आणि ती माझ्या पायाशी आणून ठेवली.

"ही घ्या, मॅडम."

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या नोकरीत लोक कोंबड्या आणायचे. कोंबडी, दुधी, करवंदं, पिशवीत गुंडाळलेला मासा. काम व्हावं म्हणून आणायचे, झालं म्हणूनही आणायचे. मी एकदाही घेतलं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेब माझ्याबद्दल एकच वाक्य धड बोलले, ते हेच. त्याचा मला अभिमान होता, आहे.

"मी कुणाचं काही घेत नाही," मी म्हणाले.

"घ्यायला लागल, मॅडम."

"नको म्हटलं ना. कुत्रा मी तसाच दिलाय."

त्याचा चेहरा उतरला. म्हातारीने भिंतीला टेकल्याजागी विचारलं, "नाय घेत?" त्याने मान हलवली. तिने पुढे सरकून कोंबडीचे पाय सोडले आणि कोंबडी तुरुतुरु पळाली. मला मात्र वाटलं, इतका आग्रह का? कोंबडी देणाऱ्याला नेहमी काहीतरी झाकायचं असतं, हा माझा तेहतीस वर्षांचा अनुभव.

निघताना कुत्रा ओरडला. तो फ्लॅटच्या दारामागे काढायचा तोच गळा. मी मागे वळले नाही. टेम्पोत बसल्यावर रडले. टेम्पोवाला भला माणूस, तो समोरच बघत राहिला.

घर शांत झालं. कुकरची शिट्टी झाली की मी पलंगाखाली बघायची. कुरतडलेली चौकट सुताराकडून बदलून घ्यायची होती, ती घेतली नाही. आणि दर दोन दिवसांनी मी वेवजीला फोन लावायला लागले.

फोन बहुतेक वेळा बायको उचलायची. "पावना बरा हाय," ती सांगायची. "जेवला."

मला गंमत वाटली. माझ्या मुलाने त्याचं इंग्रजी नाव ठेवलं होतं, त्याला त्याने कधी कान दिला नाही. मी नुसती 'ए' म्हणायची. आता ह्या लोकांनी पावना, म्हणजे पाहुणा, असं नाव ठेवलं. नाव चांगलं आहे, म्हटलं, लाडाचं आहे. पण पुढच्या वेळी ती म्हणाली, "पावना वाट बघतो तुमची," आणि ते मला खटकलं. माझी वाट कशाला बघेल? त्याला तिथे धावायला मिळत असेल तर तो माझी वाट का बघेल?

मग दोन दिवस फोन लागेना. लावला की एक बाई गुजरातीत काहीतरी सांगायची आणि तुटायचा. वेवजी गुजरातच्या सीमेला लागून आहे, तिथे फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या बाईचा आवाज ऐकता ऐकता माझ्या डोक्यात कुत्रा उंबरगावला पोचला, तिथून वापीला, आणि रात्री झोपताना तो कुणाच्या तरी कारखान्याच्या गेटवर साखळीला बांधलेला होता. ढाबेवाल्याने मादी शोधली असेल, भाजीवालीच्या भावाशी त्याची ओळख असेल, हेही मी जुळवून टाकलं. पुरावा काहीच नव्हता. पण पुरावा नसणं हेही मला लबाडीचंच लक्षण वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात मी भाजीवालीला सरळ विचारलं, "धावतो का ग तो?"

ती कोथिंबिरीवर पाणी मारत होती. मारत राहिली.

"बोल की."

"बांधलेला आसतो, बाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुणाला न कळवता मी निघाले. आम्ही कचेरीत त्याला अचानक तपासणी म्हणायचो. एसटीने तलासरी, तिथून शेअर रिक्षाने वेवजी, आणि पुढे पाड्यापर्यंत पायी. गुडघा ठणकत होता, पण राग आला की मला तो ठणकलेला कळत नाही. काय काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं. हमीपत्राची माझी प्रत पर्समध्ये होती. कुत्र्याला आजच घेऊन यायचं, हेही ठरलं होतं. पुढे त्याचं काय करायचं, ते ठरलं नव्हतं.

तो पडवीच्या खांबाला होता. त्याच रेडकाच्या दोरीने. मला बघून तो असा उसळला की दोरी ताणली, गळ्याला हिसका बसला आणि तो मागे आपटला. मग माझ्या तोंडाला धरबंद राहिला नाही. भाजीवालीचा भाऊ खळ्यावरून धावत आला, त्याची बायको चुलीपुढून उठून आली, आणि मी कागद उघडून दोघांपुढे धरला.

"कलम तीन वाचा. सही कुणाची आहे?"

"माजी," तो म्हणाला.

"मग हे काय आहे?"

तो आत गेला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. रेशनकार्ड, आधारकार्डं, आणि त्यांच्यामध्ये माझ्या हमीपत्राची दुसरी प्रत, घडीवर घडी घालून ठेवलेली.

"मॅडम, पाच पन वाचा."

"काय?"

"पाच कलम. हरवला, पळाला, तर जबाबदारी आमची. तीनमदी बांधू नका, पाचमदी पळाला तर तुमी बघा. दोनी एकदम कसा होल? सोडला आनि पळाला तर तुमचं जनावर मी कुठून आनू?"

"माझं कसलं? मी तुम्हाला देऊन टाकलाय ना?"

"नाय दिला," तो म्हणाला. "तुमी कोंबडी नाय घेतली."

म्हातारी तेवढ्यात काठी टेकत बाहेर आली होती. तिने मला पडवीत बसायला सांगितलं आणि जे सांगितलं ते सावकाश सांगितलं, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं. जनावर कुणी फुकट घेत नाही. फुकटचं लाभत नाही. बदल्यात काहीतरी दिलं आणि समोरच्याने ते हातात घेतलं, की त्याचा हक्क सुटला आणि जनावर आपलं झालं. मग त्याला दावं लागत नाही, ते घर धरतं.

"तुमी काय नाय घेतला. म्हंजे तुमचा जीव त्याच्यात हाय, तुमी न्यायला येनार," ती म्हणाली. "तवर तो पावना. पावन्याला सोडून कसा द्याचा?"

तर ते नाव नव्हतं. तीन आठवडे ती बाई मला फोनवर सरळ मराठीत सांगत होती, आणि मी त्याला लाडाचं नाव समजून बसले होते.

मग हळूहळू बाकीचं निघालं. त्यांनाही माझा संशय आला होता. एवढा उमदा कुत्रा कुणी फुकट कशाला देईल? चावरा असेल. नाहीतर चोरीचा. मी पाच कलमांचा कागद वाचला तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई उद्या पोलीस घेऊन येणार आणि सही दाखवणार. त्या दिवशी बायको सासूला बोलली ते हेच होतं: सही करायला नको म्हणत होती. "मंग का केली?" मी विचारलं, त्यांच्याच बोलीत, नकळत. तो लाजून म्हणाला, "कुत्रा आवडला."

बोलता बोलता तो उठून कुत्र्याजवळ जाऊन बसला. कुत्रा त्याच्या मांडीत तोंड घालून पडला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. खाली गोणपाटाच्या दोन घड्या होत्या. दोरीला गळ्यापाशी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, काचू नये म्हणून. उजव्या पंजावर हळदीचा पिवळा थर होता आणि त्याखाली केस फुटत होते. आठ महिने मलम लावून मला जे जमलं नव्हतं, ते इथे बांधलेल्या अवस्थेत झालं होतं.

"रोज दोनदा नेतो ओहोलावर," तो म्हणाला. "दोरी धरून मी पन पलतो. हे बघा." त्याने पोटरी दाखवली. ती झुडपांनी ओरबाडून निघाली होती.

मी पुन्हा एकदा तपासलं, सवयीने. हे सगळं खोटं असेल तर? पण कोंबडी परत करणारी मी होते. पाचवं कलम लिहिणारी मी होते. चौथ्या कलमात स्वतःला 'मूळ मालक' म्हणवून घेणारीही मीच. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढल्या आणि माझ्या एका पानी कागदाने कुत्र्याला खांबाला बांधून ठेवलं. खरं सांगायचं तर मला तो द्यायचा होता आणि द्यायचा नव्हता. कागदात तेच उतरलं होतं, आणि अक्षर जुळवत सही करणाऱ्या माणसाने ते बरोबर वाचलं होतं. मला लाज वाटली. ती मी लपवली नाही, कारण लपवायला तिथे जागा नव्हती.

"ती कोंबडी आहे का अजून?" मी विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "हाय, पन खुडूक झालीय," बायको म्हणाली. "अंड्यांवर बसवलीय."

"मग दुसरी चालेल?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे कोंबडी मागत होते. म्हातारी हसायला लागली, मग बायको. तो शेताकडे पळाला आणि एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी घेऊन आला. पाय बांधले. मी दोन्ही हात पुढे केले. कोंबडी अंगाने गरम होती आणि तिचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. कुत्र्याचं कुकरच्या शिट्टीनंतर धडधडायचं तसं.

"दिला," मी म्हणाले.

हमीपत्राच्या दोन्ही प्रती बायकोने मागून घेतल्या आणि चूल पेटवायला नेल्या. त्याने कुत्र्याच्या गळ्यातली गाठ सोडली.

कुत्रा आधी हललाच नाही. दोरी गळ्यात नाही हे त्याला पटेना. मग एक पाऊल, दुसरं, आणि अंगण ओलांडून तो कापलेल्या शेतात उतरला. ओहोळापर्यंत गेला, वळला, बांधावरून उडी मारून परत आला, आमच्यासमोरून गेला तो पुन्हा ओहोळाकडे. आता हा थांबत नाही, असं वाटलं. हायवे तिकडे आहे, असंही मी म्हणाले. भाजीवालीच्या भावाने नुसती दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली. कुत्रा लांबवर थबकला, मान वर करून पाहिलं आणि आला. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. धापा टाकत त्याच्या पायांवर पसरला.

मी निघाले तेव्हा कुत्रा बांधाबांधाने माझ्याबरोबर डांबरी रस्त्यापर्यंत आला. तिथे उभा राहिला. मग आपला आपणच मागे फिरला. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर आला असता की नसता, ह्याचा संशय मला अजून आहे, आणि तो मी तसाच राहू दिला आहे.

कोंबडी मी पिशवीतून डहाणूला आणली. ती चार दिवस गॅलरीत राहिली. सेक्रेटरींनी तिसरी सूचना दिली. पाचव्या दिवशी मी ती भाजीवालीला दिली आणि तिने बदल्यात काहीतरी द्यावं म्हणून अडून बसले. तिने एक पालकाची जुडी दिली. घरी आणून मी ती न सोडता तशीच ओट्यावर ठेवली. संध्याकाळी चिरायला घेतली तेव्हा आत दोन पानं सडकी निघाली.

होळी झाल्यावर मी पुन्हा वेवजीला गेले. ह्या वेळी फोन करून. मोहाची फुलं गळत होती. मी पाड्याच्या वाटेला वळले आणि उडवीच्या मागून भुंकत एक कुत्रा माझ्या अंगावर धावून आला. छाती भरलेली, अंगावर चकाकी, मानेवरचे केस उभे. दहा हातांवर थांबून तो माझ्यावर भुंकत राहिला. डहाणूला तो कधीच भुंकला नव्हता. तिथे तो फक्त रडायचा.

मी जागच्या जागी उभी राहिले. खूप वाईट वाटलं. बरंही वाटलं, पण नंतर.

तो माणूस घरातून बाहेर आला. मला बघून हसला आणि कुत्र्याला दरडावून म्हणाला, "ए, गप रं. पावनी हाय ती."

कुत्रा गप्प झाला. जवळ येऊन त्याने माझा हात हुंगला, पर्स हुंगली, शेपूट जोरात हलवली, एकदा माझ्या दुखऱ्या गुडघ्याला अंग घासलं आणि जाऊन म्हातारीच्या पायाशी बसला. बायकोने तांब्या भरून पाणी आणलं. मी पडवीत बसले आणि प्याले. मुक्कामाला राहणार का, असं म्हातारीने विचारलं. नाही, मी म्हणाले, संध्याकाळच्या एसटीने जाते.